ताट वेगळं, टेबल एक

कुठल्याही कॉलेजचं माहितीपत्रक उघडून पाहा. ग्रंथालयात पुस्तकं किती, प्रयोगशाळा किती, मैदान केवढं, हे सगळं त्यात तपशीलवार दिलेलं असतं. कँटीनच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते, 'उपाहारगृहाची सोय आहे.' आणि कॉलेज सोडून तीस-पस्तीस वर्षं झालेल्या माणसाला विचारा, की बाबा रे, तुला काय आठवतं? तो ग्रंथालयापासून सुरुवात करत नाही. तो सांगतो कँटीनच्या कोपऱ्यातलं डुगडुगणारं टेबल, एका चहाचे दोन कप करून आणणारा पोऱ्या, उसळीचा रस्सा तिसऱ्यांदा मागितला की कपाळाला आठ्या घालणारे कँटीनवाले, आणि त्या टेबलाभोवतीची पाच-सहा माणसं.

या आठवणी आपण 'काय मजेचे दिवस होते' असं म्हणून सोडून देतो. मला वाटतं, तिथं मजेहून जास्त काही घडत असतं. वेगवेगळ्या घरांतून आलेली, एकमेकांशी नात्यागोत्याचा काही संबंध नसलेली अठरा-वीस वर्षांची मुलं रोज दुपारी एका टेबलावर बसून जेवतात, ही गोष्ट आपल्याकडे आपोआप घडलेली नाही. तिच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा खटाटोप आहे. आणि ती आता कायमची झाली, तिची काळजी करायचं कारण नाही, असंही म्हणता येत नाही. म्हणून आज थोडं कँटीनविषयी बोलू या.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे आधी शब्दांकडे वळतो. 'पंगत' हा शब्द 'पंक्ती'वरून आला. पंक्ती म्हणजे ओळ. कवितेची ओळ ही पंक्ती आणि जेवायला बसलेल्या माणसांची ओळ हीसुद्धा पंक्ती. शब्द मोठा सुंदर आहे, पण त्याच्या पोटातून निघालेला दुसरा शब्द तितकाच कडू आहे, 'पंक्तिभेद'. कुणाला आत बसवायचं, कुणाला बाहेर, कुणाला आधी वाढायचं आणि कुणाला वरून टाकायचं, याचे नियम आपण शतकानुशतकं पाळत आलो. 'रोटी-बेटी व्यवहार' हा जोडशब्द पाहा. ज्याच्याशी बेटीचा व्यवहार नाही त्याच्याशी रोटीचाही नाही. म्हणजे भाकरीचा तुकडा हा सोयरिकीइतकाच जोखमीचा मामला मानला गेला होता.

उर्दूत जिवलग मित्राला 'हमनिवाला' म्हणतात. निवाला म्हणजे घास. ज्याच्या घासात आपला घास तो हमनिवाला. इंग्रजीतल्या 'कंपॅनियन' या शब्दाचं मूळही असंच आहे. लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे भाकरी किंवा पाव. ज्याच्याबरोबर पाव खाल्ला तो कंपॅनियन. गंमत अशी, की आपण रोज ज्याला पाव म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि तोही त्याच 'पानिस'चा नातू. तेव्हा कँटीनमध्ये बसून मित्राबरोबर उसळ-पाव खाणारा मुलगा सोबती या शब्दाचा मूळ अर्थच जगत असतो.

पाव म्हटला की वसईकराला थोडं थांबावं लागतं. इथं १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या एक गोष्ट सांगतात. पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्यायले आणि अख्खं गाव बाटलं. धर्मांतराचा इतिहास इतका सोपा नसतो. पण ही कथा लोकांना खरी वाटत आली, यातच सगळं आलं. विहिरीत पडलेला पावाचा एक तुकडा माणसाला त्याच्या जातीतून, धर्मातून आणि घरातून उठवू शकतो, असा तो काळ होता.

त्याच पावाचा उलटा उपयोग पुढे मुंबईतल्या काही शिकलेल्या मराठी माणसांनी केला. १८४९ च्या सुमारास 'परमहंस सभा' नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. मराठी भाषेचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे एक प्रमुख प्रवर्तक. जातिभेद मोडायचा हा तिचा मुख्य हेतू. सभेत येणाऱ्याला एक परीक्षा द्यावी लागे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बस्स, एवढंच. पण हे दार लावून करावं लागे. सभासद कोण आहेत हे बाहेर कळू द्यायचं नाही, असा दंडक होता. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली.

विचार करा. विद्वान माणसं, शिकलेली, सरकारदरबारी मान असलेली. पण पावाचा एक तुकडा आणि पाण्याचा एक घोट लपून घ्यावा लागत होता. आज वसईच्या कुठल्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापाव खाणाऱ्या मुलाला तो पाव कुणी भाजला हे ठाऊक नसतं, आणि विचारावंसंही वाटत नाही. दादोबांची मंडळी जे गुपचूप करत होती ते तो मुलगा हसत-खिदळत करतो. हा बदल मोठा आहे. तो मोठा वाटत नाही, कारण तो पचला आहे.

पण हा बदल पचायला किती वेळ लागला आणि कुणाला किती सोसावं लागलं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाच्या काळात पाहावं. चरित्रकार धनंजय कीर यांनी एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक प्रसंग नोंदवला आहे. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. फळ्याच्या मागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापाशी पोहोचण्याआधी मुलांनी धावत जाऊन आपापले डबे उचलले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात गेल्यावर तिथल्या हॉटेलवाल्याने त्यांना चहा आणि पाणी द्यायचं नाकारलं, हेही कीरांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे आजच्या भाषेत, कॉलेजच्या कँटीनचं दार त्यांना बंद होतं. वर्गात बसायला मिळालं, टेबलावर मात्र नाही.

१९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं त्यांनी नवल भथेना या पारशी मित्राबरोबर वसतिगृहात खोली घेतली. ही मैत्री जन्मभर टिकली. आपल्या आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गमित्र आणि तिथले प्राध्यापक, असं त्यांनी पुढे म्हटलं आहे. मोठमोठे प्राध्यापक त्यांना तिथं लाभले हे आपण नेहमी सांगतो. पण बाबासाहेबांनी प्राध्यापकांच्या बरोबरीनं वर्गमित्रांची आठवण काढली, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुणी डबा उचलून पळत नाही, अशा ठिकाणी माणूस पहिल्यांदा बसतो तेव्हा त्याला काय वाटत असेल याची कल्पनाच करावी.

परत आल्यावर, १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. परदेशात शिकून आलेला हा प्राध्यापक. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यावं याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. फळ्यामागचे डबे ते प्राध्यापकांच्या खोलीतलं पाणी, असा हा एकच धागा आहे. १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं, तेव्हा त्यांच्या मनात यातलं काय काय जागं असेल!

दुसरं उदाहरण साताऱ्याचं. कर्मवीर भाऊराव पाटील जैन घरात जन्मले. कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या एका समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून 'शुद्ध' व्हायला त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. ज्याला असं एका पंगतीतून उठवलं गेलं, त्यानं १९२४ साली साताऱ्यात स्वतःची पंगत मांडली. त्या वसतिगृहात सगळ्या जातींची आणि धर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं. या मुलांचं पोट भरण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, अखेर मंगळसूत्रही विकलं. आपण 'रयत'च्या शाळा-कॉलेजांची संख्या मोजतो; पण त्या सगळ्याच्या मुळाशी मला ती एकत्र शिजलेली भाकरी दिसते.

आणि हे फक्त आपल्याच देशात घडलं असंही नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेत ग्रीन्सबरो या गावी कॉलेजात शिकणारे चार कृष्णवर्णीय तरुण वूलवर्थ नावाच्या दुकानात गेले. दुकानात त्यांना वस्तू विकत घेता येत होत्या. मात्र तिथल्या जेवणाच्या काउंटरवर बसायला मनाई होती, ती जागा गोऱ्यांची. ते चौघे बसले आणि कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. ही चळवळ गावोगाव पसरली. २५ जुलैला त्या काउंटरने हार मानली, आणि तिथं सर्वांत आधी जेवायला बसले ते त्याच दुकानात राबणारे कृष्णवर्णीय कर्मचारी. जिथं आपण वाढत होतो तिथं बसायला मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आता आपल्या वसईच्या टेबलाकडे येऊ. वसई रोडला विद्यावर्धिनी संस्थेचं कॉलेज १९७१ पासून आहे. त्याचं पूर्ण नाव पाहा. कला शाखेला अण्णासाहेब वर्तकांचं नाव, वाणिज्य शाखेला केदारनाथ मल्होत्रांचं आणि विज्ञान शाखेला ई. एस. आंद्रादिस यांचं. एका फाटकावर ही तीन नावं. वसईतल्याच दुसऱ्या कॉलेजला संत गोन्सालो गार्सियाचं नाव आहे. तो इथंच जन्मला आणि १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला हुतात्मा झाला. पाटीवर जी सरमिसळ आहे तीच आत कँटीनमध्ये. वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी, कुपारी ख्रिस्ती, गुजराती, उत्तरेकडून आलेले, पूर्व पट्टीतल्या पाड्यांवरून येणारी आदिवासी मुलं, आणि आम्ही मुसलमान.

आमच्या टेबलावर डबे मधोमध ठेवायची पद्धत होती. डब्याचं झाकण हीच ताटली. ज्याचा डबा त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा झाकणाला लागलेला मसालाच उरायचा. मी मुसलमान म्हणजे माझ्या डब्यात रोज बिर्याणी असणार, अशी सुरुवातीला सगळ्यांची समजूत. डबा उघडला की आत तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. शेजारच्या कोळी मित्राच्या डब्यात तेच आणि आगरी मित्राच्या डब्यातही तेच. फरक असलाच तर मिरचीचा. एका आठवड्यात या डब्यांनी मला आणि त्यांना जे शिकवलं ते समाजशास्त्राच्या पुस्तकात वर्षभर शोधूनही सापडलं नसतं.

पण आमचं जेवण सगळंच सारखं होतं, असं मी म्हणणार नाही. ते तसं नव्हतं, आणि खरा मुद्दा इथंच आहे. मला डुकराचं मांस वर्ज्य. हलाल नसलेलं मटण वर्ज्य. जैन मैत्रिणीला कांदा-लसूण चालत नसे. एकाचा सोमवार, एकाची चतुर्थी. ख्रिस्ती मित्राचं लेंटमध्ये मांस बंद. इतके वर्ज्य पदार्थ घेऊन आम्ही एका टेबलावर बसायचो आणि तरी जेवण व्हायचं. कसं व्हायचं? काही नियम होते. ते कुणी लिहून दिले नव्हते, आपोआप पडले होते.

पहिला नियम, डबा उघडताना सांगायचं. ख्रिस्ती मित्राच्या घरी सणाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी तो डबा बाजूला ठेवून मला म्हणायचा, "आज हे तुझ्यासाठी नाही रे, तू भाजी घे." यात कुणी ओशाळायचं नाही आणि कुणी नाक मुरडायचं नाही. दुसरा नियम, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटलीत काही टाकायचं नाही. तिसरा, एकदा 'नको' म्हटलं की 'का नको' असं विचारायचं नाही. आपल्या मराठी पंगतीत आग्रहाला फार मान आहे. आग्रह प्रेमाचाच असतो, नाही असं नाही. पण जिथं नाना तऱ्हेची माणसं जेवतात तिथं आग्रह न करणं हेच प्रेम असतं, हे आम्हाला त्या टेबलानं शिकवलं.

चौथा नियम, न जेवणाऱ्यानंही टेबलावर यायचं. आमच्या कॉलेजच्या वर्षांत रमजान मार्च-एप्रिलच्या सुमारास यायचा, ऐन परीक्षेच्या दिवसांत. चांद्र वर्षामुळे तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. माझा रोजा असला तरी दुपारी मी टेबलावर असायचोच. पहिल्या वर्षी मित्रांना फार अवघडल्यासारखं झालं. माझ्यासमोर खायचं कसं? एकाने डबा बंद करून ठेवला. मी म्हटलं, "तू जेव रे बाबा, रोजा माझा आहे, तुझा नाही. आणि तू उठून गेलास तर मी बोलू कोणाशी?" मग सगळे जेवले, मी नोट्स वाचून दाखवल्या. त्या महिन्यात अभ्यास सगळ्यांचाच चांगला झाला!

माझ्या समाजातही 'त्यांच्यात बसून खाऊ नकोस' असं सांगणारे असतात, ते मी नाकारत नाही. घरात असा विषय निघाला की माझ्या आजीकडे एक उत्तर होतं. कुराणातल्या 'नूर' या अध्यायात कुणाकुणाच्या घरी जेवायला हरकत नाही याची यादी येते. त्यात आई-वडील येतात, भाऊ-बहिणी येतात, काका-मामा, आत्या-मावशी येतात आणि शेवटी मित्रही येतो. आजी म्हणायची, "अल्लानं सोयऱ्यांच्या रांगेत दोस्ताला बसवलंय, आपण उठवणारे कोण?" ती शाळेत गेलेली नव्हती. पण पंगतीचा अर्थ तिला बरोबर कळला होता.

आता ज्या गोष्टीमुळे आज हा विषय घेतला तिच्याकडे येतो. २०२३ साली पवईच्या आयआयटीत तीन वसतिगृहांच्या सामाईक मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारी जेवणासाठी राखून ठेवण्यात आली. काही विद्यार्थ्यांनी त्या टेबलांवर बसून मांसाहारी जेवण घेऊन विरोध केला. त्यांतल्या एकाला १० हजार रुपयांचा दंड झाला. वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून आलं.

शाकाहारी मुलांची अडचण मी खोटी मानत नाही. लहानपणापासून ज्या घरात मासळी शिजली नाही तिथल्या मुलाला बोंबलाचा वास सहन होत नसेल, मळमळत असेल, तर ते नाटक नव्हे. मला स्वतःला काही वास सहन होत नाहीत. अशा मुलाला सुखानं जेवता आलं पाहिजे. त्यासाठी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. शिजवायची भांडी वेगळी ठेवा. तळणाचं तेल वेगळं, वाढायचे डाव वेगळे, हवं तर वाढण्याची खिडकीही वेगळी ठेवा. कशात काय आहे हे स्पष्ट लिहून लावा. ही सोय जैन मुलाची होते आणि हलाल पाहणाऱ्या माझ्यासारख्याचीही होते. जेवण वेगळं शिजायला माझी हरकत नाही. ताट वेगळं असायलाही नाही.

टेबलाचं मात्र तसं नाही. टेबलावर पाटी लागली की आधी चार मित्र एकत्र येत होते, त्यांना आता बसण्याआधी आपापल्या ताटाप्रमाणे फुटावं लागतं. आपल्या देशात माणूस काय खातो यावरून त्याची जात आणि धर्म यांचा अंदाज बांधला जातो, हे आपण सगळे जाणतो. म्हणून जेवणाची पाटी बघता बघता माणसांची पाटी होते. शिवाय एकदा वेगळं बसायची सवय झाली की विचारण्या-सांगण्याचे ते नियम शिकायची गरजच उरत नाही. 'आज हे तुझ्यासाठी नाही रे' हे वाक्य फक्त एका टेबलावरच बोललं जातं. दोन टेबलांमध्ये ते बोलायला कुणी नसतं. ज्याला कधी समोरच्याच्या डब्याकडे आदरानं पाहावं लागलं नाही, तो पुढे शेजारी म्हणून, भाडेकरू ठेवणारा घरमालक म्हणून, कचेरीतला साहेब म्हणून कसा वागेल? मुंबईच्या आसपास घर भाड्यानं शोधलेल्या माणसाला 'तुम्ही काय खाता?' हा प्रश्न परका नाही.

पाटीशिवायही एक टेबल तुटतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. ते पैशानं तुटतं. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला विरारचे उंच टॉवर आहेत आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे पाडे. वसई तालुक्याच्या पूर्वेकडूनही पहाटेच्या एस.टी.नं मुलं कॉलेजला येतात. इतक्या लवकर घरात चूल पेटलेली नसते, म्हणून डबा नसतो. खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे असतात. अशा मुलाचं एक ठरलेलं वाक्य असतं, 'मी खाऊन आलोय.' कँटीनमध्ये बसलेल्या प्रत्येकानं ते कधी ना कधी ऐकलं असेल. ते ऐकून विश्वास ठेवायचा नसतो, आणि विश्वास ठेवला नाही हे दाखवायचंही नसतं.

आमचा हिशेब टी.टी.एम.एम. असायचा, म्हणजे तू तुझे, मी माझे. तरी आमच्यातला एक मित्र रोज एक पाव जास्तीचा मागवायचा आणि अर्धी उसळ उरवून म्हणायचा, "मला जात नाही यार, टाकून द्यायची का?" मग ती उसळ कुणी संपवली याचा हिशेब कुणी ठेवत नसे. मदत करणाऱ्याला मोठेपणा नाही आणि घेणाऱ्याला कमीपणा नाही, अशी ती युक्ती होती. आता तो मित्र आजोबा झाला आहे. तो स्वतः हे विसरला असेल, पण मी विसरलेलो नाही.

आज कँटीन बदलली आहेत. उसळ-पावाच्या जागी शेजवान आणि फ्रँकी आली, सुट्ट्या पैशांच्या जागी मोबाइल आला. याबद्दल माझी तक्रार नाही, त्या त्या पिढीनं आपल्या चवीचं खावं. चिंता वाटते ती दुसऱ्या गोष्टींची. अनेक कॉलेजांत वर्ग दोन पाळ्यांत भरतात, त्यामुळे दुपारची सुट्टी अशी उरतच नाही. तास संपला की कुणी नोकरीला पळतं, कुणी क्लासला, कुणी लोकल पकडायला. काही उपाहारगृहांत 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे' अशी पाटी दिसते. ठेकेदाराचा धंदा सांभाळायला ती लावली असेल, पण तिनं घरचा डबा आणणारा मुलगा बाहेर जातो आणि विकत घेऊ शकणारा आत राहतो. ज्या टेबलावर भाकरी आणि फ्रँकी शेजारी-शेजारी असायला हवीत ते टेबल अशा पाटीनं मोडतं.

त्यामुळे प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती साधी आहे. दुपारी अर्धा तास मोकळा ठेवा. कँटीनमध्ये डबा आणायला मुभा द्या. दोघांच्या टेबलांपेक्षा आठ-दहा जणांची लांब टेबलं ठेवा, म्हणजे अनोळखी मुलालाही कडेला बसता येईल. स्वयंपाक स्वच्छ असू द्या, त्यात काय आहे ते लिहा. आणि टेबलावर कुणाच्याही नावाची पाटी लावू नका. यातल्या कशालाच फार पैसा लागत नाही.

आणि आईवडिलांनाही एक सांगावंसं वाटतं. मूल कॉलेजातून घरी आलं की आपण विचारतो, "डबा संपवलास का?" विचारायलाच हवं. फक्त त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारत जा, "कोणाबरोबर खाल्लास?"